टीम सरप्राइजची सहा सुवर्णं आणि मधली चार वर्षं

मिसिसागाहून एका बाबांनी विचारलंय: "माझी मुलगी सिंक्रोनाइज्ड स्केटिंगच्या नोव्हिस टीममध्ये आहे. शाळेत एका क्रीडासंघाचा इतिहास लिहायचाय, त्यासाठी तिने स्वीडनची टीम सरप्राइज निवडली. जागतिक विजेतेपदाची वर्षं मिळाली: २०००, २००१, २००३, २००५, २००७ आणि २०१२. पण एवढ्या काळात मुली तर सगळ्या बदलल्या असणार, मग ही एकच टीम कशी म्हणायची? २००७ नंतर टीम घसरली होती का? आणि गुण बघून त्यांचं सगळ्यांत चांगलं वर्ष कुठलं हे ठरवता येईल का?"

सिंक्रोनाइज्ड स्केटिंग, थोडक्यात सिंक्रो, म्हणजे अख्ख्या टीमने बर्फावर एकत्र, एकाच तालात केलेलं स्केटिंग. प्रश्न तीन असले तरी गाठ एकच आहे. सोळा जणींच्या सीनियर टीमचा इतिहास लिहायचा म्हणजे नक्की कशाचा लिहायचा? एकट्या स्केटरचं सोपं असतं. माणूस एक, त्याची उमेद, दुखापत, पुनरागमन, निवृत्ती असं सगळं सरळ सांगता येतं. सिंक्रोमध्ये नाव तेच राहतं आणि बर्फावरची माणसं दर वर्षी थोडीथोडी बदलत जातात. त्यामुळे नुसती सुवर्णांची यादी समोर ठेवली की ती एखाद्या व्यक्तीच्या चढउतारासारखी वाचली जाते आणि तिथेच घोळ होतो.

मी लहानपणी पुण्यात रोलरवर स्केटिंग शिकले आणि इथे ओंटारिओत आल्यावर बर्फावर सिंक्रो शिकवायला लागले. स्वीडनमध्ये मी शिकवलेलं नाही, म्हणून सरप्राइजच्या आतल्या निर्णयांबद्दल मी छातीठोकपणे बोलणार नाही. पण टीम कशी बनते, कशी मोडते आणि निकालपत्रकात यातलं किती दिसतं, हे माझं रोजचं काम आहे. त्या अंगाने उत्तर देते.

आधी यादीच्या सुरुवातीबद्दल. ती २००० पासून सुरू होते कारण जागतिक अजिंक्यपद स्पर्धाच त्या वर्षी मिनियापोलिसला पहिल्यांदा झाली. खेळ त्याहून बराच जुना आहे. १९५६ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला डॉ. रिचर्ड पोर्टर यांनी हॉकेट्स नावाची टीम उभी केली. ही टीम विद्यापीठाच्या हॉकी सामन्यांच्या मध्यंतरात प्रेक्षकांसमोर स्केटिंग करायची. तिथून हा प्रकार अमेरिकेत, कॅनडात आणि नॉर्डिक देशांत रुजला. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने १९९४ मध्ये त्याला मान्यता दिली आणि १९९६ पासून वर्ल्ड चॅलेंज कप भरायला लागला. तेव्हा २००० मध्ये सरप्राइज जिंकली ती काही अचानक उगवून नव्हे. मुलीला जुने संदर्भ शोधायचे असतील तर "प्रिसिजन स्केटिंग" या नावानेही शोधायला सांगा. १९९८ पर्यंत खेळाचं नाव तेच होतं आणि निम्मे जुने निकाल त्याखालीच सापडतात.

आता टीम एकच कशी, हा प्रश्न. माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

जागतिक स्पर्धा साधारण एप्रिलच्या सुरुवातीला असते. ती संपली की लगेच पुढच्या हंगामाच्या ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या. कुणाचं शिक्षण संपलेलं असतं, कुणाला नोकरी लागलेली असते, कुणाची कंबर नको म्हणते. हा खेळ ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे पोटापाण्यासाठी स्केटिंग करत राहणं इथे जवळजवळ कुणालाच जमत नाही. सीनियर टीममधल्या बहुतेक जणी कॉलेजात शिकत असतात. म्हणजे विशीच्या पहिल्या अर्ध्या भागात, हात अगदी तयार झालेला असतो तेव्हाच, त्या निघून जातात. अमेरिकेतली मायामी विद्यापीठाची टीम हे याचं टोकाचं उदाहरण. ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावच्या या विद्यापीठाची टीम विद्यार्थ्यांचीच, म्हणजे पदवी मिळाली की टीम सुटली. त्या टीमने २००७ मध्ये लंडनला, म्हणजे आपल्या ओंटारिओतल्या लंडनला, जागतिक रौप्य मिळवलं. अमेरिकेचं या स्पर्धेतलं ते पहिलं पदक. इतक्या वेगाने माणसं बदलणाऱ्या टीमने ते करून दाखवलं याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

नवी मुलगी आली की नक्की काय बदलतं हे व्हीलवरून सांगते, कारण व्हील तुमच्या मुलीने नक्की केलेलं असणार. मुली हातांची पकड घेऊन ओळीत उभ्या राहतात आणि ती ओळ मध्याभोवती चाकाच्या आऱ्यासारखी फिरते. मध्याजवळची मुलगी जवळपास जागच्या जागी पावलं टाकते. टोकाची मुलगी मात्र तेवढ्याच वेळात कितीतरी मोठा पल्ला कापते. टोकाची मागे पडली तर ओळ वाकते. मधलीने घाई केली तर तो झटका ओळीतून पुढे सरकत जातो आणि टोकाची चक्क भिरकावली जाते. हे सावरायचं असतं ते तळव्यांतल्या दाबावरून. शेजारणीला ओढायचं नाही, तिच्यावर रेलायचंही नाही, पण ती कुठे आहे ते हाताला सतत कळत राहिलं पाहिजे. नवीन मुलगी पहिले काही आठवडे खाली पायांकडे बघते. तिला मान वळवून मध्याकडे, ओळीच्या आरपार बघायला शिकवावं लागतं. वेग असताना तसं बघायला भीती वाटते. आणि ती आधीच्या मुलीपेक्षा चार बोटं उंच असली तर खांद्यांची रेघ बिघडते, मग अख्ख्या ओळीचा क्रम बदलावा लागतो. एक मुलगी बदलली म्हणून सहा जणींच्या जागा बदलल्या, हे माझ्या रिंकवर दर वसंतात होतं.

तर मग एका हंगामातून दुसऱ्यात टिकतं काय? पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांचं जसं असतं, वादक येतात-जातात पण ठेका ऐकून पथक ओळखू येतं, तसंच थोडंफार इथे आहे. टिकते ती स्केटिंगची पद्धत. गुडघा किती वाकवायचा, एजवर, म्हणजे ब्लेडच्या एका कडेवर, किती वेळ राहायचं, संगीतातला श्वास कुठे घ्यायचा, सरावाला उशीर झाला तर काय होतं, या सगळ्याची त्या टीमची म्हणून एक रीत असते. ती जुन्या मुलींकडून नव्यांकडे जाते आणि कोचकडून सगळ्यांकडे. सरप्राइजच्या बाबतीत कोच म्हणून आंद्रेआ दोहानी हे नाव वर्षानुवर्षं कायम राहिलं. माझ्या हिशेबात ही गोष्ट पदकांइतकीच महत्त्वाची आहे, तेव्हा तुमच्या मुलीने कोचच्या नावाचा वेगळा परिच्छेद जरूर करावा.

दुसरी टिकणारी गोष्ट म्हणजे खालच्या टीम. बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनमधून सुरू झालेल्या हेडनेट्सचं पाहा. त्यांच्या सीनियर टीमच्या खाली लेक्सेट्स ही ज्युनियर टीम आणि तिच्याही खाली लहान मुलींच्या टीम. एखादी मुलगी हेडनेट्समध्ये पोचते तेव्हा ती नवीन असली तरी परकी नसते. वरच्यांची पकड, वरच्यांच्या सवयी तिने लहानपणापासून पाहिलेल्या असतात. तेव्हा सीनियर टीमचा इतिहास लिहिताना विजेत्या वर्षाच्या पाच-सहा वर्षं आधी खालच्या टीममध्ये काय चाललं होतं, तेही बघावं. पदकाचं मूळ बहुधा तिथे सापडतं. किती सापडेल हे मात्र क्लबवर अवलंबून आहे. काही टीम बाहेरून तयार स्केटर घेतात, काही जवळपास सगळ्या घरच्याच वाढवतात.

आता मधल्या वर्षांकडे येऊ. तुमच्या यादीत २००२, २००४ आणि २००६ नाहीत. ती तिन्ही वर्षं हेलसिंकीच्या मॅरीगोल्ड आइसयुनिटीने जिंकली. म्हणजे २००१ पासून २००७ पर्यंत एक वर्ष स्वीडन, पुढचं फिनलंड, पुन्हा स्वीडन असं आलटून पालटून चाललं होतं. सरप्राइजचा इतिहास मॅरीगोल्डशिवाय लिहिता येत नाही तो यामुळे. दोन्ही देश शेजारी आणि दोन्ही टीमची नजर एकमेकींवर. आपण जिंकलो की पुढच्या वर्षी समोरची टीम काहीतरी नवीन घेऊन येणार हे दोघींनाही ठाऊक होतं. माझ्या मते या चुरशीनेच त्या दशकात खेळाची पातळी वर नेली. वेग वाढला, ओळींमधलं अंतर कमी झालं, आणि दोन ओळी एकमेकींतून आरपार जातात ते इंटरसेक्शन गिरक्या घेत घेत करायची हिंमत सगळ्यांच्यात आली.

घरच्या मैदानाचा फायदा, हा मुद्दा तुमची मुलगी लिहील असं वाटतं, कारण २००५ आणि २०१२ या दोन्ही वेळा सरप्राइज आपल्याच गॉथेनबर्गला जिंकली. पण त्याच यादीत उलट उदाहरणंही आहेत. २००१ ची स्पर्धा हेलसिंकीला होती आणि तिथे, फिनिश प्रेक्षकांसमोर, जिंकली सरप्राइज. २०१३ ला स्पर्धा बोस्टनला, म्हणजे हेडनेट्सच्या अंगणात होती आणि सुवर्ण नेलं फिनलंडच्या टीम युनिकने. २०१५ मध्ये मात्र हॅमिल्टनला, बर्लिंग्टनच्या अगदी शेजारी, बर्लिंग्टनचीच कॅनेडियन टीम नेक्साइस जिंकली. आपल्या भागातले लोक त्या विजयाबद्दल अजून बोलतात. घरच्या गर्दीमुळे बळ मिळतं आणि दडपणही येतं, आणि कुणाला काय मिळेल हे त्या वर्षीच्या सोळा जणींवर ठरतं. म्हणून मी घरच्या मैदानाला कारण म्हणणार नाही. फार तर एक परिस्थिती म्हणेन.

आणि २००८ ते २०११? माझं स्पष्ट मत आहे की "घसरण" हा शब्द इथे बसत नाही. त्या चार वर्षांत कोण जिंकलं ते बघा. २००८ ला बुडापेस्टला फिनलंडची रॉकेट्स. २००९ ला झाग्रेबला आपली नेक्साइस, कॅनडाचं या स्पर्धेतलं पहिलंच सुवर्ण. २०१० ला कोलोराडो स्प्रिंग्ज आणि २०११ ला हेलसिंकी, दोन्ही वेळा पुन्हा रॉकेट्स. २०१० मध्येच हेडनेट्सने कांस्य मिळवलं. त्याआधी २००७ मध्ये मायामीचं रौप्य आलेलं होतंच. म्हणजे २००७ पर्यंत सुवर्णाचे खरे दावेदार दोन होते आणि नंतर ते पाच-सहा झाले. सरप्राइज तिथेच होती, तिच्या आजूबाजूचं मैदान भरलं. इतकी गर्दी झाल्यावर २०१२ मध्ये त्यांनी पुन्हा सुवर्ण घेतलं, म्हणून त्यांच्या सहा विजेतेपदांत मला हे शेवटचं सगळ्यांत अवघड वाटतं.

वयाचाही एक साधा हिशेब करून बघा. २००५ मध्ये गॉथेनबर्गच्या प्रेक्षकांत बसून आपल्या शहराची टीम जिंकताना बघणारी अकरा वर्षांची मुलगी २०१२ मध्ये अठरा वर्षांची होती. तशी एखादी खरंच त्या टीममध्ये होती का, हे मी सांगू शकत नाही. पण एका विजयाचं फळ सहा-सात वर्षांनी कसं दिसू शकतं ते यावरून कळतं. इथेही मोठी स्पर्धा झाली की पुढच्या शरद ऋतूत लहान मुलींच्या नोंदणीला आलेले पालक त्याच स्पर्धेचं नाव घेतात. ते मी नेहमी बघते.

फिनलंडबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण निकालपत्रकात ती दिसतच नाही. जागतिक स्पर्धेत एका देशाच्या फार तर दोन टीम जातात. मॅरीगोल्ड, रॉकेट्स आणि युनिक या तिन्ही टीम हेलसिंकी परिसरातल्या आणि तिन्ही जगज्जेत्या झालेल्या. म्हणजे दर वर्षी जागतिक पदकाच्या तोडीची एक टीम घरीच बसायची. एखाद्या फिनिश टीमचं नाव एखाद्या वर्षी यादीत नसेल तर ती वाईट होती असं समजू नका. कदाचित ती राष्ट्रीय निवडीत थोडक्यात मागे पडली असेल. २००० ते २०१९ या वीस स्पर्धांची सुवर्णं मोजली तर फिनलंडची नऊ, स्वीडनची सहा, रशियाची तीन आणि कॅनडाची दोन. फिनलंडची नऊ सुवर्णं तीन टीममध्ये वाटली गेलीत: मॅरीगोल्ड पाच, रॉकेट्स तीन, युनिक एक. स्वीडनची सहाही एकट्या सरप्राइजची. आपल्या देशात आपणच सगळ्यांत पुढे असलो की निवडीची धाकधूक कमी असते खरी, पण रोज घाम काढायला लावणारं कुणी शेजारीही नसतं. अशा परिस्थितीत वर्षानुवर्षं पातळी राखणं मला जास्त कठीण वाटतं.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर टीम एकच राहते ती तिच्या पद्धतीमुळे, कोचमुळे आणि खालच्या टीममुळे, आणि मधली रिकामी वर्षं वाचायची ती त्या वेळी समोर कोण होतं हे बघून. उरला गुणांचा प्रश्न.

गुणांवरून सर्वोत्तम वर्ष ठरवायच्या भानगडीत पडू नका. २००० मध्ये जुनी, ६.० ची पद्धत होती. त्यात परीक्षकाने दिलेल्या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नसायचा, तो फक्त क्रम लावण्यासाठी असायचा. आधी आलेल्या टीमला ५.७ दिले तर नंतर चांगली टीम आली की तिच्यासाठी वर जागा हवी, असा तो हिशेब. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमधल्या जोडी स्केटिंगच्या वादानंतर ती पद्धत मोडीत निघाली आणि पुढे सिंक्रोलाही नवी पद्धत लागू झाली. नव्या पद्धतीत प्रत्येक घटकाला, म्हणजे ब्लॉक (समांतर ओळींची रचना), व्हील, इंटरसेक्शन, लिफ्ट वगैरेंना, अवघडपणानुसार ठरलेली किंमत असते. तो घटक किती नीट झाला त्याचे गुण त्यात वाढतात किंवा कमी होतात आणि सादरीकरणाचे गुण वेगळे. मग २००७ आणि २०१२ ची तरी तुलना करता येईल का? तीही नीट होत नाही. कोणते घटक करायचे, कशाला किती किंमत, हे नियम सारखे बदलत असतात. समूहाने एखादीला उचलायचं, ते ग्रुप लिफ्ट आधी नव्हतंच, ते नंतर आलं आणि त्याने कार्यक्रमांचा चेहराच बदलला. त्याच वर्षी, त्याच बर्फावर दुसऱ्या टीमपेक्षा किती पुढे होते, एवढंच गुणांवरून नीट कळतं.

सुवर्णांची यादी २०१२ ला संपते म्हणून इतिहासही तिथेच संपवू नये, हे मुलीला जरूर सांगा. २०१६, २०१७ आणि २०१९ ही वर्षं सेंट पीटर्सबर्गच्या टीम पॅराडाइजची. पण मधल्या २०१८ ला स्पर्धा स्टॉकहोमला होती. तिथे मॅरीगोल्डने पाचवं सुवर्ण घेतलं आणि रौप्य कुणाला मिळालं, तर टीम सरप्राइजला. २००२ मध्ये सुरू झालेली ही चढाओढ सोळा वर्षांनी, संपूर्ण नव्या मुलींसह, स्वीडनच्याच बर्फावर पुन्हा उभी राहिली. फक्त सुवर्णं लिहिली तर हे सगळं गळून जातं, आणि माझ्या मते सरप्राइजच्या इतिहासातला हा फार मोलाचा भाग आहे.

त्यानंतर २०२० ची लेक प्लॅसिडची आणि २०२१ ची झाग्रेबची, अशा दोन्ही जागतिक स्पर्धा कोविडमुळे रद्द झाल्या. आमच्या खेळाला हा फटका विशेष लागला. दोन वर्षं म्हणजे सीनियर स्केटरच्या कारकिर्दीचा केवढा तरी हिस्सा. कितीतरी जणी शेवटची स्पर्धा न करताच निघून गेल्या आणि जुन्यांनी नव्यांना सांभाळून घ्यायची साखळी बऱ्याच ठिकाणी तुटली. २०२२ ला हॅमिल्टनमध्ये स्पर्धा परत भरली तेव्हा युक्रेनवरच्या हल्ल्यामुळे रशियन टीम बाहेर होत्या आणि सुवर्ण माँट्रियलच्या ले सुप्रेमने घेतलं. पुढच्या वर्षी लेक प्लॅसिडलाही त्यांनीच. २०१९ च्या आधीचे आणि २०२२ च्या नंतरचे निकाल शेजारी ठेवताना या खंडाची नोंद केलीच पाहिजे.

लेखनासाठी एक सुचवते. २००७ आणि २०१२ चे सरप्राइजचे फ्री स्केट, म्हणजे स्पर्धेतले मोठे कार्यक्रम, मिळाले तर पाठोपाठ बघा, पहिल्यांदा आवाज बंद ठेवून. प्रत्येक वेळी एकच ओळ निवडा आणि तिच्या टोकाच्या मुलीवर नजर ठेवा. मान कुठे वळते, व्हील वेग घेतं तेव्हा खांदा वर जातो का, पकड सुटून पुन्हा लागते ती कुठे. तुमची मुलगी स्वतः ओळीत उभी राहते, त्यामुळे हे तिला तुमच्या-माझ्या आधी दिसेल. तिला जे सारखं दिसेल ते आणि जे वेगळं दिसेल ते, दोन्ही तिच्या शब्दांत लिहू द्या. लेख झाला की वाचायला मला नक्की आवडेल.